अब्बांचा उलटा डबा

"मामू, मी झाकण तर घट्ट लावलं होतं. मग रंग वाळला कसा?"

मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या भाचीनं मला हा प्रश्न विचारला. तिच्या शाळेत पणत्या रंगवायच्या होत्या. आदल्या वर्षी आणलेली बारा रंगांची पेटी तिनं कपाटातून काढली. बाटल्या प्लॅस्टिकच्या, बोटभर उंचीच्या. त्यांतल्या सात बाटल्यांमधल्या रंगाचा दगड झाला होता. उरलेल्या पाचांतला रंग गार झालेल्या लापशीसारखा. एक बाटली हलवून पाहिली तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. वय म्हणाल तर अवघं एक वर्ष.

त्याच दिवशी, जुने ब्रश सापडतात का ते पाहावं म्हणून मी माळ्यावरून अब्बांची लाकडी पेटी खाली काढली. माझे वडील पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पेटीत चिंधीत बांधलेल्या ब्रशांच्या जुड्या होत्या, रेघ मारायची दोरी होती, खडूचे तुकडे होते आणि तळाशी एक छोटा पत्र्याचा डबा उलटा ठेवलेला होता. सरळ केला तर झाकणावर त्यांच्या हातची अक्षरं: 'लाल. मार्च २००८'. कानाशी नेऊन हलवला. आत रंग डुचमळत होता.

एक वर्षाची बाटली मेली आणि सोळा-सतरा वर्षांचा डबा जिवंत! भाची म्हणाली, "नानांच्या वेळचे रंग चांगले असतील." जुनं ते सोनं असं म्हणून मलाही सुटता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. फरक रंगाच्या जातीत होता, आणि त्याहून जास्त तो ज्या भांड्यात ठेवला त्या भांड्यात होता. तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागलो. लक्षात आलं ते असं, की रंगाचा म्हणून जो इतिहास आपण सांगतो, त्यातला बराचसा इतिहास खरं म्हणजे भांड्यांचा आहे. आज तोच तुम्हाला सांगायचा आहे.

आमचं गाव तालुक्याचं. एसटी स्टँडच्या मागे अब्बांची पत्र्याची टपरी होती. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, वाचनालयाचा बोर्ड, गणेश मंडळाची कमान, उरुसाची कापडी पताका, सगळं त्याच टपरीतून जायचं. अब्बा चौथी शिकलेले. पण अक्षर असं, की मास्तर लोक थांबून बघायचे. मी कविता लिहायला लागलो ते फार नंतर. देवनागरी मात्र मी पुस्तकाआधी ओल्या रंगात पाहिली.

टपरीत एक नियम होता. काम संपलं की आधी झाकण, मग चहा. झाकण बोटांनी दाबायचं नाही. कडेचा रंग चिंधीनं पुसायचा, वर लाकडाची फळी ठेवायची आणि फळीवर हातोडीनं ठोकायचं. मग डबा उलटा. डब्यात रंग निम्म्याहून कमी उरला, की तो लहान डब्यात ओतायचा, पार गळ्यापर्यंत. आणि झाकणावर तारीख.

मला वाटायचं, ही म्हाताऱ्या माणसाची खोड आहे. १९८० साली विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हाची गोष्ट. मे महिना, अंगाची लाही लाही, आणि अब्बा रात्र-रात्र भिंती रंगवत होते. मी दहाएक वर्षांचा असेन. लाल रंगाच्या मोठ्या डब्याचं झाकण लावायचं काम माझ्याकडे होतं. झोप येत होती. मी झाकण नुसतं वर ठेवलं आणि आडवा झालो. सकाळी उघडून पाहतो तर दुधावर यावी तशी रंगावर साय. मी घाबरून काडीनं ढवळलं. तिथं चूक दुप्पट झाली. सायीचे तुकडे तुकडे होऊन सगळ्या रंगात पसरले.

अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीच्या जुन्या ओढणीतून तो रंग त्यांनी गाळला. तरी बारीक कण राहिलेच. एका दवाखान्याच्या पाटीवर 'डॉक्टर' लिहिताना 'ट'च्या वळणावर असला एक कण अडकला आणि अक्षराची कड फाटली. ती पाटी पुसून पुन्हा लिहावी लागली. एका दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "रंग डब्यात राहत नाही बेटा, झाकणात राहतो."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळण्यासाठी आधी रंग वाळतो म्हणजे काय होतं ते बघावं लागेल.

कुठलाही रंग घ्या, त्यात दोन गोष्टी असतातच. एक रंगाची पूड आणि दुसरी ती पूड धरून ठेवणारी चिकट वस्तू. कधी डिंक, कधी सरस, कधी अंडं, कधी तेल. डिंकाचा रंग वाळतो तो पाणी उडून जातं म्हणून. परत पाणी घातलं की तो बऱ्यापैकी जागा होतो. तेलाच्या रंगाचं तसं नाही. अळशीचं तेल वाळतं म्हणजे त्यातून काही उडून जातं असं नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन आत ओढून घेतं. तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात, त्यांचं जाळं बनतं आणि पापुद्रा तयार होतो. वाळताना अळशीच्या तेलाचं वजन घटत नाही, थोडं वाढतं! हे झालेलं परत उलटवता येत नाही. पाटीवरच्या ऑइल पेंटचंही काम असंच चालतं. आधी त्यातलं पातळ करणारं द्रव्य उडतं आणि मग हवा आपलं काम करते.

म्हणजे पाण्याच्या रंगाला भीती आतलं पाणी बाहेर जाण्याची आणि तेलाच्या रंगाला भीती बाहेरची हवा आत येण्याची. भांड्याला या दोन चोरांपैकी एकाला अडवायचं असतं. माणसानं या चोरांशी किती वर्षं झुंज दिली असेल, काही अंदाज?

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे. तिथं २००८ साली संशोधकांना ॲबलोनी या मोठ्या सागरी गोगलगायीचे दोन शिंपले सापडले. त्यांत गेरू, हाडांचा चुरा आणि कोळसा यांचं मिश्रण होतं. बाजूला वाटायचे दगड आणि ढवळायचं हाड. हा ऐवज सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचा निघाला. २०११ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हाच्या माणसानं तो रंग अंगाला लावला, कातड्याला लावला की आणखी कशाला, ते बाजूला ठेवू. पण त्यानं रंग केला आणि तो ठेवायला भांडं शोधलं. ते भांडंही असं निवडलं, की ते झिरपत नाही, आतून गुळगुळीत असतं आणि हातात मावतं.

शिंपल्याचं हे नातं पुढे तुटलं नाही. मध्ययुगातले युरोपातले पोथ्या रंगवणारे कारागीर शिंपल्यात रंग ठेवत. सोन्याची पूड डिंकात खलून ती शिंपल्यात ठेवायचे, म्हणून त्या रंगाचं नावच 'शिंपल्यातलं सोनं' असं पडलं. आपल्याकडचे लघुचित्रं काढणारे चितारीसुद्धा शिंपल्यात रंग कालवत. यात एक शहाणपण होतं. डिंकाचा रंग शिंपल्यात वाळला तर वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी ओला ब्रश फिरवला की रंग तयार. तिथं चोराला अडवायचंच नाही. त्यानं नेलेलं पाणी आपण परत घालायचं.

इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानं इसवी सन १४००च्या सुमाराला चित्रकारांसाठी हातपुस्तक लिहिलं. वाटलेला रंग छोट्या बरणीत ठेवावा, वर पाणी घालावं आणि धूळ पडू नये म्हणून झाकावा, अशी रीत त्यात सांगितली आहे. पाण्याचा थर म्हणजेच झाकण! हे वाचलं तेव्हा मला टपरीतला एक मोगा आठवला. अब्बा घट्ट सफेदा त्यात ठेवत आणि वर दोन बोटं पाणी ओतत. त्यांनी चेन्निनी वाचला नव्हता. त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं, उस्तादाला आणखी कुणी.

खरी पंचाईत झाली ती तैलरंग आल्यावर. युरोपात पंधराव्या शतकापासून तेलात रंग खलून चित्रं काढायची पद्धत रुळली. पण खललेला रंग टिकवायचा कसा? शिंपल्यात ठेवला तर साय धरणार, आणि एकदा साय धरली की पाणी घालून काही उपयोग नाही. म्हणून चित्रकाराच्या घरी चेले रोज लागेल तेवढाच रंग खलत. पुढे रंग विकणारे दुकानदार आले, तेव्हा त्यांनी एक तोड काढली. डुकराच्या मूत्राशयाची पिशवी. ती ओली करून त्यात रंग भरायचा, तोंड दोऱ्यानं आवळून बांधायचं. रंग हवा असला की टाचणीनं भोक पाडायचं, दाबून थेंबभर काढायचा आणि भोकात हस्तिदंताची खुंटी किंवा टाचणी बसवायची.

मी बी.ए.ला असताना कॉलेजच्या वाचनालयात हे पहिल्यांदा वाचलं. सुटीत घरी आल्यावर जरा खोडसाळपणानंच अब्बांना सांगितलं. वाटलं, नाक मुरडतील. ते ब्रश थांबवून विचारात पडले. मग म्हणाले, "कातडी कुणाची का असेना, एकदा भोक पाडल्यावर हवा आत जाते की नाही, ते सांग."

कारागिराचा प्रश्न नेमका होता. हवा जायचीच. भोक परत नीट बंद होत नसे. प्रवासात पिशवी फुटली की कपड्यांसकट सगळं सामान रंगून निघे. अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले नामांकित चित्रकार या पिशव्या वापरत होते. निसर्गचित्रं ते काढत, पण बाहेर बसून बहुधा पेन्सिलीचं टिपण किंवा जलरंगाचा कच्चा खर्डा करायचा आणि तैलरंगाचं मोठं चित्र घरी येऊन रंगवायचं. रंगाचा संसार उघड्यावर नेणं फार अवघड होतं.

१८२२ साली जेम्स हॅम्स नावाच्या इंग्रज चित्रकारानं पिचकारी काढली. दट्ट्या ढकलला की रंग बाहेर येणार. विल्यम विन्सर आणि हेन्री न्यूटन या दोघांनी १८३२ मध्ये लंडनला रंगांचं दुकान काढलं होतं. त्यांनी १८४० साली काचेच्या पिचकारीचं पेटंट घेतलं. कल्पना बरी होती. पण पिचकारी महाग, आणि साफ करायला कटकटीची.

मग आला जॉन गॉफ रँड. हा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा माणूस, १८०१चा जन्म, धंदा माणसांची चित्रं काढायचा. लंडनमध्ये राहत होता. महागाचे रंग पिशवीत वाळतात याचा त्यालाही ताप होता. त्यानं कथलाचा पातळ पत्रा घेऊन त्याची नळी केली. एका टोकाला रंग बाहेर यायचं तोंड, दुसरं टोक रंग भरून झाल्यावर दुमडून बंद. १८४१ मध्ये त्यानं या नळीचं पेटंट घेतलं. त्या पेटंटच्या मथळ्यातच रंग टिकवण्याच्या भांड्यातली सुधारणा असं कलम आहे. चित्र सोपं व्हावं असा त्याचा दावा नव्हता. रंग वाळू नये एवढंच त्याला हवं होतं.

आता या नळीत विशेष काय? सांगतो. टूथपेस्टची जुनी धातूची ट्यूब ज्यांनी वापरली आहे, त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. ती दाबली की दबलेलीच राहायची, फुगून परत जागेवर यायची नाही. कथील नरम असतं. जेवढा रंग बाहेर गेला तेवढी नळी आत जाते, म्हणून गेलेल्या रंगाच्या जागी हवा येत नाही. बाटली असो की डबा, कुठल्याही टणक भांड्यात रंग कमी झाला की ती जागा हवेनं भरते. नळीत ती जागाच शिल्लक राहत नाही. अब्बा उरलेला रंग लहान डब्यात गळ्यापर्यंत ओतायचे, तीच युक्ती रँडची नळी आपोआप करते. शिवाय कथलावर तेलाचा परिणाम होत नाही, आणि धातूतून हवा झिरपत नाही. सुरुवातीला नळीचं तोंड पक्कडीनं चिमटून बंद करायचे; पुढे आट्यांचं झाकण आलं, आणि वर्षभरानं उघडली तरी ताजा रंग मिळायला लागला.

याचा परिणाम काय झाला? रंगांची पेटी पाठीवर टाकून माणूस नदीकाठी, शेतात, रेल्वे स्टेशनवर जाऊन उभा राहू शकला. डोळ्यांसमोरचा उजेड दहा मिनिटांत बदलतो. तो बदलण्याच्या आत रंग पटावर पाहिजे. मोने, रन्वार, पिसारो, सिसले ही मंडळी हेच करत होती. रन्वारचा मुलगा जाँ रन्वार हा मोठा चित्रपट दिग्दर्शक. त्यानं वडिलांच्या आठवणी लिहिल्या आहेत. नळीतले रंग नसते तर आमच्यातलं कुणी झालं नसतं, अशा अर्थाचं वडिलांचं बोलणं त्यानं त्यात नोंदवलं आहे. या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला एप्रिल १८७४ मध्ये भरलं. रँड त्याच्या आदल्या वर्षीच, १८७३ मध्ये वारला होता.

तेलाची ही गोष्ट चालू असताना पाण्याच्या रंगांनी दुसरीच वाट धरली होती. ओला ठेवता येत नाही ना, मग कोरडाच ठेवा! लंडनच्या विल्यम आणि थॉमस रीव्ह्ज या भावांनी जलरंगाच्या छोट्या वड्या केल्या. त्याबद्दल त्यांना १७८१ साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं चांदीची रंगपाटी बक्षीस दिली. आपल्या शाळेतल्या रंगवड्यांचे हे पूर्वज. पण वडी फार सुकली की घासून घासून हात दुखतो. १८३५ साली विन्सर आणि न्यूटन यांनी रंगात ग्लिसरीन घातलं. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून वडी नरम राहते. तेलाच्या रंगाला हवेपासून लपवायचं आणि पाण्याच्या रंगाला हवेकडूनच ओल मागून घ्यायची. गंमत आहे की नाही?

आपल्या महाराष्ट्रातही कोरडं ठेवायचं हे तंत्र एका मोठ्या उद्योगाच्या मुळाशी आहे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाच्या शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे हाच उद्योग कॅम्लिन या नावानं घरोघरी गेला. पातळ शाई म्हटली की काचेची बाटली आली, तिचं वजन आलं, फुटण्याचं भय आलं, गाळ बसणं आलं. पुडीला यातलं काहीच नाही. कागदात बांधा, खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचवा, आणि लागेल तेव्हा पाणी घाला. जी वस्तू पाण्यानं बिघडते, तिच्यातलं पाणी शेवटच्या घटकेपर्यंत लांब ठेवायचं. आपल्या बायका पापड-कुरडया करून वर्षभर ठेवतात, ते दुसरं काय असतं?

आता डब्याकडे येऊ, कारण मूळ गोष्ट डब्याची आहे. घरं रंगवायचा रंग पूर्वी रंगारी जागेवरच कालवायचे. अमेरिकेत तयार रंग विकायला लागले, पण डबा एकदा फोडला की संपला. १८७७ साली शेर्विन-विल्यम्स या कंपनीनं परत बंद करता येणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. आज आपण स्क्रू ड्रायव्हरनं उचकटतो तो डबा त्याच वंशातला. गोल खाचेत झाकण दाबून बसतं, धातूवर धातू घट्ट बसतो. खाचेत रंग साचून वाळला, की मात्र फट राहते आणि हवेला वाट मिळते. म्हणून आधी कड पुसायची आणि मगच ठोकायचं. आणि डबा उलटा कशासाठी? तर कुठं बारीक फट राहिलीच असेल, तर आतला रंगच तिथं जाऊन ती बुजवतो. शिवाय आत राहिलेल्या हवेमुळे साय धरली तरी ती बुडाशी धरते. सरळ केल्यावर वरचा रंग स्वच्छ.

मुंबईत १९४२ साली चार मित्रांनी एशियन पेंट्स ही कंपनी सुरू केली. मोठ्या कंपन्यांचं लक्ष शहरांकडे असताना हिनं लहान डब्या घेऊन गावोगाव धंदा वाढवला. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला तिचा गट्टू माझ्या पिढीला चांगला आठवत असेल. लहान डबीची गरज काय असते, ते मी आमच्या टपरीशेजारच्या रंगाच्या दुकानात पाहिलं आहे. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी तिथं शेतकऱ्यांची रांग लागायची. बैलजोडीची चार शिंगं रंगवायला लिटरभर रंग घेऊन काय करायचा? उरलेला पुढच्या पोळ्यापर्यंत दगड होणार. लहान डबी त्याच दिवशी संपते, त्यामुळे वाळायचा प्रश्नच येत नाही. भांड्याचा आकार कामाएवढा असावा, हाही टिकवण्याचाच एक मार्ग आहे.

मग भाचीच्या बाटल्यांचं काय झालं? ते रंग ॲक्रिलिक होते. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर हेन्री लेव्हिसन यांनी 'लिक्विटेक्स' या नावानं पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांसाठी आणले. त्यांत प्लॅस्टिकचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून एकजीव होतात. मग वरून कितीही पाणी ओता, ते सुटे होत नाहीत. म्हणजे डिंकाच्या रंगासारखा हा पाण्यावर जगतो आणि तेलाच्या रंगासारखा कायमचा मरतो. दोन्हीकडची दुखणी त्याच्या वाट्याला आली आहेत.

त्यात भांडं प्लॅस्टिकचं. धातूच्या नळीत हे रंग भरणं अवघड, कारण ते अल्कधर्मी असतात आणि उघड्या धातूला खातात. प्लॅस्टिक सोयीचं, स्वस्त, फुटत नाही. पण त्याच्या पातळ भिंतीतून पाण्याची वाफ अगदी सावकाश का होईना, बाहेर जातेच. बाटली जितकी लहान, तितकी तिच्यातल्या रंगाच्या मानानं भिंत जास्त, आणि नुकसानही जास्त. शिवाय ती दाबून सोडली की परत फुगते आणि गेलेल्या रंगाच्या जागी हवा ओढून घेते. आणि शेवटचा मुद्दा झाकणाचा. मी भिंग घेऊन पाहिलं, तर तिच्या सातही बाटल्यांच्या आट्यांत वाळलेल्या रंगाचे कण होते. झाकण घट्ट वाटलं, पण बसलं नव्हतं. पोर खोटं बोलत नव्हती.

मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ॲक्रिलिक रंग वापरून झाला की बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा. रंग थोडाच उरला असेल तर त्याच्याहून लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत काढा. काच असली तर उत्तम. उन्हात, गच्चीच्या पत्र्याखाली, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. उष्णतेनं पाणी जातं आणि गोठल्यानं रंग फाटतो. ब्रश थेट बाटलीत बुडवू नका. पोस्टर कलरच्या बाटलीत तर मुळीच नको, कारण त्यातला डिंक बुरशीला आवडतो आणि पावसाळ्यात त्याला वास सुटतो. आणि झाकणावर तारीख लिहा.

आता राहिला अब्बांचा डबा. तो हलतोय हे कळल्यावर भाची उड्या मारायला लागली. "मामू, यानंच पणत्या रंगवू या!" मी नाही म्हणालो. दोन कारणं होती. एक तिला सांगण्यासारखं, एक नाही.

सांगण्यासारखं कारण असं: जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः लाल-पिवळ्या रंगांत, शिसं असायचं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक. आपल्या देशात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत उतरवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. हा डबा २००८चा. चांगला डबा आतल्या वस्तूची पारख करत नाही. चांगलं तसं वाईटही राखून ठेवतो. अब्बांनी आयुष्यभर तो रंग उघड्या हातांनी हाताळला, दुपारी त्याच हातांनी भाकरी खाल्ली. आम्हाला कुणालाच तेव्हा माहीत नव्हतं.

न सांगण्यासारखं कारण म्हणजे मला तो उघडायचाच नव्हता. २००० सालानंतर फ्लेक्सचे बोर्ड आले. रात्रीत छापून सकाळी टांगलेले. पाच-सहा वर्षांत टपरीतली कामं आटली. मार्च २००८ नंतर झाकणावर तारीख पडलेला दुसरा डबा पेटीत नाही. म्हणजे अब्बांनी शेवटचा मिटवलेला रंग तो हाच. बंद आहे तोवर तो त्यांच्या हातचा आहे. उघडला की हवा त्याला भिडणार.

आठवडाभर तो डबा टेबलावर होता. भाची येता-जाता बघायची. एक दिवस म्हणाली, "नानांनी लिहायलाच ठेवला होता ना?"

मी हातमोजे घातले, तिला दारात उभी केली आणि अंगणात स्क्रू ड्रायव्हरनं झाकण उचकटलं. रंग लालभडक होता. वर साय नव्हती. काडी घातली तेव्हा बुडाशी जाडसर पापुद्रा लागला. उलटा ठेवल्यामुळे तो तिथं होता. मी त्याला धक्का लावला नाही. १९८०चा धडा आता पाठ होता.

आमच्या दारावर घराच्या नावाची पाटी आहे, अब्बांनी लिहिलेली. उन्हानं तिचं शेवटचं अक्षर पार फिकं झालं होतं. जुना रंग न खरवडता त्यावरून मी ब्रश फिरवला. माझा हात त्यांच्यासारखा नाही. कड थोडी हलली. पण तिच्यात एकही कण नव्हता.

उरलेला रंग मी मापाच्या छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत ओतला. तोंड पुसलं, झाकण आवळलं आणि चिठ्ठीवर आजची तारीख आणि 'मुलांनी हात लावू नये' असं लिहून चिकटवलं. ती बाटली आता माळ्यावर पेटीत आहे. उलटी.